अडीच किलोचा खांब

तिसऱ्या खेपेलाही संघमित्रा तेलगोटेच्या कपाळावर लाल दिवा लागला. वर्गातल्या सव्वीस जणांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. काहींना कीव आली, काहींना हायसं वाटलं. आपण वाचलो की माणसाला बरंच वाटतं.

समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'आकलन अपूर्ण. उरलेली संधी : एक.'

"पट्टी काढा ताई. जरा घाम पुसा," हरणे सर म्हणाले.

"घाम नाही सर तो. संताप आहे."

"पट्टीला संताप समजत नाही."

"तेच म्हणून रायली मी. पट्टीले काहीच समजत नाही, अन् आपल्याले समजलं का नाही हे ते ठरवते!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या शेजारी पंचायत समितीचे भोपळे बाबू बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, डोळे अर्धवट मिटलेले, गालात सुपारी, आणि कपाळावर हिरवागार दिवा. सरासरी म्हणजे काय, असं बाबूंना विचारलं असतं तर त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली असती, एवढंच. तरी बाबू पास होते.

संघमित्रा त्रेचाळीस वर्षांची. नऊ वर्षं तिनं उपकेंद्रावर सिस्टर म्हणून काढली, बाळंतपणं केली, लसी टोचल्या. मग दोन वर्षांपूर्वी कंबर गेली, तेव्हा वरुडखेडच्या तालुका आरोग्य कार्यालयानं तिला आकड्यांच्या टेबलावर बसवलं. करार अकरा महिन्यांचा, दर वर्षी नव्यानं पाया पडून मिळणारा. यंदा त्याला नवी अट चिकटली : 'सांख्यिकी प्रोग्रामिंग आणि डेटा विश्लेषण' हा सहा आठवड्यांचा कोर्स पास व्हायचा. प्रमाणपत्र नाही तर करार नाही.

नाव मोठं, पण प्रोग्रामिंग तिथं कुणी शिकवत नव्हतं. ते काम मशीन करी. 'गावनिहाय सरासरी काढ' म्हटलं की पापणी लवायच्या आत ते चाळीस ओळी लिहून, चालवून, आलेख समोर ठेवी. फक्त कायद्यानं एक पाचर मारून ठेवली होती : मशीनच्या निष्कर्षाखाली माणसाची सही हवी, आणि तो निष्कर्ष त्या माणसाला समजलेला हवा. कायदा वाईट नव्हता. पण समजलं हे मोजायचं कसं? पूर्वी परीक्षा असत. उत्तरं मशीनकडून लिहून घेणाऱ्यांनी त्या परीक्षा दोन वर्षांत निकालात काढल्या. म्हणून पट्टी आली.

पट्टीचं शास्त्र सोपं आहे, आणि खरंही आहे. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लालबुंद दिसतात, कारण उजेड मांसातून पार होतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड तर कपाळाच्या हाडातूनही बोटाच्या पेराएवढा आत शिरतो आणि थोडासा परत बाहेर येतो. प्राणवायूनं भरलेलं रक्त हा उजेड एका तऱ्हेनं शोषतं, प्राणवायू खर्ची पडलेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेनं. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे ताजं रक्त धावतं. म्हणजे परत आलेल्या उजेडावरून कपाळामागचा मेंदू किती राबतोय ते कळतं. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही.

गोची पुढे आहे. पट्टी बनवणाऱ्यांनी मोठ्या शहरातल्या दोनशे पारंगत लोकांवर प्रयोग केले. नवा आलेख दिसला की त्यांचं रक्त चढे, उमगला की उतरे. झालं, यांनी नियम करून टाकला : रक्त उतरलं म्हणजे समजलं, दिवा हिरवा. आता रक्त उतरायला कारणं दोन असतात. समजलं म्हणून माणूस राबायचा थांबतो, किंवा विचारच सोडून दिला म्हणून थांबतो. विचार सोडलेला माणूस त्या दोनशेत एकही नव्हता, त्यामुळे तो कसा दिसतो हे पट्टीला कधी कळलंच नाही. आणि ज्याला शंका आली, ज्याच्या डोक्यात भुंगा लागला, त्याचं रक्त चढलेलंच राहतं. आकडेशास्त्राची सुरुवातच शंकेनं होते, हे या शहाण्यांना कुणी सांगायचं?

शेवटच्या परीक्षेला डेटा खराच देत. सरकारचं कामही त्यात फुकटात उरकून जाई. संघमित्राच्या वाट्याला तिच्याच तालुक्याचा डेटा आला : चार वर्षांत जन्मलेल्या अकरा हजार चारशे बाळांची वजनं. मशीननं आलेख काढला. डावीकडे बुटकी टेकडी, उजवीकडे बुटकी टेकडी, आणि मधोमध अडीच किलोवर एकच खांब, पाण्याच्या टाकीसारखा उंच. शंभरातली अडतीस बाळं बरोबर अडीच किलोची. खाली मशीनचा निष्कर्ष : 'कमी वजनाची बाळं सहा टक्के. परिस्थिती समाधानकारक.' अडीचच्या आतलं बाळ कमी वजनाचं, अडीचचं बाळ ठीक, असा नियम.

तिनं एवढंच करायचं होतं : हा निष्कर्ष शांत डोक्यानं वाचून दाखवायचा. तीनदा वाचला. तीनदा लाल.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात चहाचा कप धरून उभी होती. हरणे सर पट्ट्या चार्जिंगला लावून बाहेर आले. सरांनी वीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. विभाग बंद पडला, आणि आता ते या केंद्रावर 'सुविधादाता' होते. म्हणजे लोकांच्या कपाळाला पट्ट्या बांधायच्या आणि सोडायच्या.

"सर, तो खांब पाहिला का तुम्ही?"

"पाहिला." सरांनी बशीत चहा ओतला. "निसर्ग असा खांब उभा करत नाही ताई. टेकडी करतो. खांब माणूस उभारतो."

"मी उभारला."

सरांची बशी ओठांजवळच थांबली.

"काटा दोन तीनशे दाखवते," ती सांगू लागली. दोन किलो तीनशे ग्रॅम. "तसं लिवलं की चार पानांचा लाल फॉर्म. मग दवाखान्याच्या गाडीसाठी फोन. मग महिनाभर त्या घरी सात चकरा. अन् सोमवारच्या मिटिंगमधे साहेब सगळ्यांसमोर विचारणार, सिस्टर, तुमच्याच भागात काहून? मग काय करते सिस्टर? अडीच लिवते. मले मानकर सिस्टरनं शिकवलं, तिले तिच्या आधीच्या सिस्टरनं. कोणी आदेश काढला नाही, सर. रीतच पडून गेली."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंय?"

"तुमाले सांगून रायली."

सरांनी बशी खाली घेतली. मग त्यांनी तिला जे सांगितलं ते तिला नियमांतून आधीच माहीत होतं : कमी वजनाची बाळं आठ टक्क्यांच्या खाली राहिली की वरुडखेडच्या रुग्णालयातला नवजात कक्ष हलवायचा. बाळांना ऊब देणारे सहा वॉर्मर, दोन डॉक्टर, चार सिस्टर, सगळं जिल्ह्याला, ऐंशी किलोमीटर दूर. त्या कागदाला सही हवी होती ती प्रमाणित विश्लेषकाची. म्हणजे तिची.

"मी नाही वाचलं तर?"

"पुढच्या बॅचला जाईल. भोपळे बाबूंसारखा कुणीतरी वाचेल. कक्ष जाईल आणि तुमचा करारही जाईल." सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, एकदा डोकं बंद करा आणि पास व्हा."

तिला वाटलं, बशी हिसकून फेकावी. ज्या माणसानं उभा जन्म 'आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचा बाप कोण ते विचारा' असं पोरांना शिकवलं, तो तिला डोकं बंद करायला सांगत होता.

"कसं करतात बंद?" तिनं खवचटपणे विचारलं.

"बाबूंना विचारा."

बाबू मागेच होते. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. "सोपं हाय वो ताई. पाढा म्हनाचा मनातल्या मनात. आमच्या आजानं पावकी, निमकी, सवायकी सगळं घोटून घेतलं होतं. तोंड वाचते पडद्यावरचं, अन् आतमधे पाढा चालू. डोकं कसं गार पडते! पुऱ्या बॅचले मीच शिकवला."

"कोणता पाढा?"

"अडीचकी. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात..."

संघमित्रानं कपाळाला हात लावला. "दुसरा नाही का बाबू एखादा?"

"औटकी हाय ना! साडेतीनची. पन ते जरा जड जाते बायांले."

"बायांले काय जड जाते ते नका सांगू मले," ती म्हणाली आणि कप आपटून आत गेली.

रविवारी सकाळी ती भाकरी थापत होती आणि नवरा, देवानंद, शेजारी बसून लसूण सोलत होता. तो जिनिंगमध्ये होता. कापसाचा हंगाम संपला की घरी.

"पाढा म्हन अन् मोकळी हो," तो म्हणाला. "तूच लिवलं अडीच. आता तूच म्हन्तं खोटं हाय. लोक हासतीन तुले."

"हासू दे. पण मी सही करू काय त्याच्यावर? अडतीस टक्के बाळं बरोबर अडीच किलोची असू शकत नाहीत. हे वजन काट्यानं दिलेलं नाही, माणसानं लिहिलेलं आहे..."

"बस कर व माय! चार दिवस झाले, तेच आयकून रायलो. पाठ झालं मले." आणि देवानंदनं लसणाच्या पाकळीवरची नजर न उचलता, एका सुरात, सगळं धडाधड म्हणून दाखवलं : अडतीस टक्के बाळं बरोबर अडीच किलोची असू शकत नाहीत, हे वजन काट्यानं दिलेलं नाही, माणसानं लिहिलेलं आहे, अडीचच्या आतली बाळं अडीचवर सरकवली आहेत, सहा टक्के हा आकडा खोटा आहे. एक शब्द चुकला नाही, आणि एका शब्दाकडे त्याचं लक्षही नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपली. संघमित्रा त्याच्याकडे बघत बसली.

माणूस काय वाचतोय ते पट्टी पाहत नव्हती. ती फक्त कपाळ बघत होती. परीक्षेत निष्कर्ष तोंडी द्यायचा, बोललेलं नोंदलं जाणार, आणि दिवा हिरवा असेल तर जे नोंदलं तेच सहीचं. कोणता निष्कर्ष द्यायचा हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. गार डोक्यानं कुणी मशीनच्या उलट बोलेल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिनं खऱ्याचा पाढा केला. बस स्टँडवर जाता-येता, धुणं पिळताना, कार्यालयात फायली लावताना तेच. अकरा हजार चारशे बाळांपैकी अडतीस टक्के. पुन्हा. आधी आधी म्हणताना छातीत काहीतरी हले. चौथ्या दिवशी आवाज सपाट झाला. आठव्या दिवशी शब्दांचा अर्थ गळून पडला, नुसते टरफलासारखे शब्द उरले. खोटं बोलायला माणूस तालीम करतो, हे तिला माहीत होतं. खरं बोलायला इतकी करावी लागेल आणि तीही ते खरं मेल्यागत होईपर्यंत, याची तिला चीड येत होती. आणि चीड आली की पाढा पहिल्यापासून, कारण चिडून चालणार नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला पट्टी बांधली. "कोणता पाढा?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझा," ती म्हणाली.

पडद्यावर खांब उभा राहिला. तिनं सुरुवात केली. पहिलं वाक्य गेलं. दिवा हिरवा. दुसरं वाक्य : "हे वजन काट्यानं दिलेलं नाही, माणसानं लिहिलेलं..."

आणि तिथं तिला खैरखेडची बाई आठवली. रंभा नाव. तिचं बाळ काट्यावर होतं, काट्याला लटकवलेल्या फडक्यात इवलंसं, एक किलो नऊशे. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि गाडी दुसरीकडे गेलेली होती. संघमित्रानं अडीच लिहिलं होतं. नवव्या दिवशी रंभा एकटीच उपकेंद्रावर आली, कुशीत बाळ नव्हतं, ओट्यावर नुसती बसून राहिली.

दिवा पिवळा झाला.

संघमित्रानं त्या बाळाला बाजूला सारलं. दुसरा शब्दच नाही त्याला. हातानं सारावं तसं सारलं, आणि पुढचं वाक्य घेतलं, धुणं पिळतानाच्या सुरात. "अडीचच्या आतली बाळं अडीचवर सरकवली आहेत. सहा टक्के हा आकडा खोटा आहे. सगळ्या केंद्रांवर नव्यानं वजनं घ्यावीत. तोवर या डेटावरून कोणताही निर्णय घेऊ नये."

हिरवा. 'आकलन पूर्ण. निष्कर्ष स्वीकृत.'

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती काय बोलली ते कुणी ऐकलंच नव्हतं. सगळे दिव्याकडे बघत होते. फक्त हरणे सर तोंड उघडं टाकून उभे होते. मग त्यांनी तिची पट्टी सोडली. "ताई," ते एवढंच म्हणाले, "वीस वर्षांत मला एक विद्यार्थी असा मिळाला नाही."

"मले आनंद होऊन नाही रायला सर," ती म्हणाली. "काहीच होऊन नाही रायलं."

निष्कर्ष हिरवा असल्यानं वरच्यांना तो मान्य करणं भाग होतं. चौथ्या दिवशी नवजात कक्ष हलवण्याचा प्रस्ताव पुढील मोजणीपर्यंत स्थगित झाला. करार मिळाला. टेबलावर 'प्रमाणित विश्लेषक' अशी पाटी आली. देवानंदनं अर्धा किलो पेढे आणले आणि गल्लीत वाटले.

नवव्या दिवशी दुसरा आदेश आला. वजनं नव्यानं घेण्याबद्दल त्यात एक ओळ होती. खाली दोन पानं वेगळीच. खोटी वजनं लिहिणाऱ्या सिस्टरांवर सेवासमाप्तीची कारवाई करायची, आणि त्यांची नावनिशीवार यादी प्रमाणित विश्लेषकानं तीन दिवसांत द्यायची. लाल फॉर्म चार पानांचा का, याबद्दल अक्षर नाही. गाडी एकच का, नाही. सोमवारच्या मिटिंगमध्ये विचारणाऱ्या साहेबांचं नाव, नाही. शेतात खत चुकलं की बैलाला झोडपायचं, तसा हा न्याय.

नावं दुसरीकडून मिळणार नव्हती. प्रत्येक उपकेंद्राला एकच लॉगिन, त्यावर तिघी-तिघी सिस्टर आलटून पालटून लिहीत. कोणत्या पाळीला कोण होतं ते फक्त आतल्यांना ठाऊक. आणि आतली, या टेबलावर, संघमित्रा एकटीच होती.

दुपारी मानकर सिस्टरचा फोन आला. तिनं संघमित्राला पहिलं बाळंतपण हातात हात धरून शिकवलं होतं.

"आयकलं मी. मोठी झाली म्हणे तू."

"सिस्टर..."

"नाही, बरं केलं. खरं बोलली. पण मले सांग, मी सत्तावन वर्षांची. तीन वर्षं रायली. माह्या पोटावर पाय देऊन तुह्या खऱ्याचं काय होते व?"

"कक्ष वाचला, सिस्टर."

"हाव. कक्ष वाचला." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मी रडून रायली असं समजू नको. तुले लिवाचं ते लिव. पण माहं नाव लिवशीन त मानकर नको लिवू, पुरं लिव. ज्योत्स्ना विठ्ठलराव मानकर. एकतीस वर्षं नोकरी केली म्या. अर्ध्या नावानं नाही जाणार."

फोन बंद झाला. संघमित्रानं यादीचा तक्ता उघडला. रिकाम्या ओळी तेवीस. मशीननं अंदाजानं तेवढ्याच मांडून ठेवल्या होत्या. तिनं पहिल्या ओळीत नाव भरलं. उपकेंद्र भरलं. कालावधी : नऊ वर्षं. मग बाकीच्या बावीस ओळी खोडल्या आणि तक्ता पाठवून दिला.

नव्या विश्लेषकाचं काम पहिले तीन महिने प्रशिक्षण केंद्रातून तपासून पुढे जात असे. त्यामुळे वीस मिनिटांत हरणे सरांचा फोन आला.

"ताई, यादीत एकच नाव आहे."

"हो."

"ते तुमचं आहे."

"हो सर. मी लिवलं होतं अडीच. त्याची खात्री आहे मले."

"तुमची नोकरी जाईल, कळतंय का? आता कुठे मिळाली होती!"

"कळते."

"आणि बाकीच्या सिस्टर? वर काय सांगू मी?" सरांचा आवाज चढला, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते शिक्षकासारखे रागावले होते. "एका ओळीच्या डेटावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे!"

"मग काढू नका," संघमित्रा म्हणाली.